लघवी उलटी चढते तेव्हा

(१९८६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडं बोलायचं. बँकेत, शाळेत, रेल्वेत नोकरी केलेल्यांचं बरं असतं, काम काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मी न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट आहे असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच एक पाऊल मागे सरकतो. अणुबॉम्बशी आमचा काही संबंध नाही. आम्ही अगदी थोडं किरणोत्सारी औषध शरीरात सोडतो आणि ते कुठे जातं ते गॅमा कॅमेऱ्याने पाहतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये मी पदविका केली आणि मग मुंबईतल्या एका रुग्णालयात नोकरी. बराच काळ माझ्याकडे लहान मुलांच्या किडनीच्या तपासण्या होत्या. त्यातली एकच आज सांगणार आहे. मूत्राशयात साठलेली लघवी उलटी वर किडनीकडे चढते का, हे पाहण्याची तपासणी.

जेवणाच्या आधी हा विषय नको होता, हे मला कळतंय. पण आपल्यातले निम्मे आता आजी-आजोबा झालेत किंवा होऊ घातलेत, आणि समोर पहिल्या रांगेत ज्यांनी आयुष्यभर मुलं सांभाळली ते शिक्षक बसले आहेत. म्हणून हाच विषय.

आधी बिघाड काय असतो ते. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून. एमआयडीसीत काम केलेल्यांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सांगायची गरजच नाही. शरीरातही तशी सोय आहे, फक्त तिथे झडप म्हणून वेगळा सुटा भाग नाही. किडनीतून खाली येणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही, तिरकी शिरते आणि भिंतीच्या आतून थोडं अंतर जाऊन मग आत उघडते. मूत्राशय भरला की आतला दाब या तिरक्या बोगद्याला चेपतो आणि वाट आपोआप बंद होते. इतकी साधी आणि सुरेख रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. काही मुलांमध्ये जन्मतःच हा बोगदा आखूड असतो. मग मूत्राशय भरताना, किंवा शू करताना दाब वाढला की, लघवीचा काही भाग खाली जाण्याऐवजी वर चढतो. २६ जुलै २००५ला ज्यांची घरं बदलापुरात नदीच्या बाजूला होती त्यांनी हे पाहिलेलं आहे. नदी फुगली की नाल्याचं पाणी मोरीतून घरात येतं.

नुसती लघवी वर गेली तर फारसं बिघडत नाही. खाली मूत्राशयात जंतू असले आणि ते लघवीबरोबर वर किडनीत पोचले, तर मात्र बिघडतं. मुलाला ताप येतो. तो ताप वेळेत ओळखला नाही तर किडनीवर व्रण राहतो. तो भाग नंतर काम करत नाही आणि पुन्हा उगवतही नाही. व्रण मोठे असले, दोन्ही बाजूंना असले, तर पुढे रक्तदाब वाढू शकतो, किडनी थकू शकते. ज्या मुलांना लघवीच्या संसर्गाने ताप येतो, त्यांतल्या साधारण तीनातल्या एकाला ही उलटी वाट सापडते.

आता एका मुलीची गोष्ट. आपल्याच तुकडीतल्या एका मैत्रिणीची ती नात. सांगण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे आणि कुणाचं नाव घेणार नाही. घर बदलापूर पूर्वेला. मुलगी दोन वर्षांची होण्याआधीच वर्षभरात चार वेळा तापली. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता सणसणीत ताप, अंगाला थरथर, जेवण बंद. प्रत्येक वेळी व्हायरल म्हणून पातळ औषध मिळालं आणि चार दिवसांनी ताप उतरला. यात मी कुणा डॉक्टरांना दोष देत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दवाखान्याबाहेर रांग असते आणि शंभरातल्या नव्वद पोरांना खरोखरच व्हायरल असतं. पण चौथ्या वेळी आजी अडून बसली, की लघवी तपासल्याशिवाय मी औषध देणार नाही. आजी म्हणजे आपली तीच, जी बीजगणिताच्या तासाला उत्तर जुळलं नाही तर सरांनाही सोडत नसे.

लघवीत जंतू निघाले. सोनोग्राफीत डावी किडनी उजवीपेक्षा किंचित लहान दिसली. संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, लघवीचं कल्चर स्वच्छ आल्यावर, ती आमच्याकडे आली. जंतू असताना ही तपासणी करत नाहीत. कारण उघड आहे, आपणच त्यांना वर ढकलायचो.

त्या सकाळी ते लोक बदलापूरहून पहाटेच्या गाडीने निघाले. इतक्या लवकर का बोलावता, असं सगळेच विचारतात. त्याचं उत्तर आमच्या औषधात आहे, आणि त्याची गोष्ट मला अंबरनाथकरांना सांगायलाच हवी.

आम्ही जे मूलद्रव्य वापरतो त्याचं नाव टेक्नेशियम. १९३७मध्ये ते इटलीत सापडलं, आणि माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं ते पहिलं मूलद्रव्य. त्याची जी जात आम्हाला लागते ती सहा तासांत निम्मी होते. बारा तासांत पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा हिस्सा. रुग्णाच्या दृष्टीने हे उत्तमच, पण कपाटात साठवून ठेवता येत नाही. म्हणून आम्ही त्याची आई ठेवतो, मॉलिब्डेनम. ती साधारण ६६ तासांत निम्मी होते आणि तिच्यापासून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं. रोज सकाळी ते काढून घ्यायचं. या कामाला जगभर दूध काढणं असंच म्हणतात आणि त्या भांड्याला गाय. सोमवारी भरपूर दूध देणारी गाय शुक्रवारी निम्म्याच्याही खाली येते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमची गाय फार घरगुती होती. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालेलं मॉलिब्डेनम शिशाच्या जाड डब्यातून यायचं. कॉस्टिकच्या द्रावणात ते असायचं. त्यात एमईके घालून हलवायचं. (इथे मागच्या रांगेतले तिघे हसले. रंग, थिनर, सॉल्व्हंट यांच्या धंद्यातल्या लोकांना एमईके सांगावं लागत नाही.) होय, तेच ते मिथिल इथिल कीटोन. टेक्नेशियम त्यात उतरतं, मॉलिब्डेनम खाली राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, एमईके उडवून टाकायचं आणि जे उरतं ते सलाइनमध्ये घ्यायचं. सगळं शिशाच्या विटांआड हात घालून. ज्या वासाने आपल्या गावात संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागत, त्याच कुळातल्या वासाने माझी सकाळ सुरू व्हायची. परदेशात तेव्हा तयार जनरेटर मिळत, आपल्याकडे ही हातची पद्धत पुष्कळ वर्षं चालली आणि तिने हजारो रुग्णांचं काम केलं. मला तिचा अभिमान आहे.

तर सहा तासांचं हे गणित. गाडी एक तास रखडली की औषधाचा नववा हिस्सा गेला. सिग्नल बिघडला म्हणून टेक्नेशियम थांबत नाही. कल्याणच्या पलीकडून येणाऱ्यांना मी नेहमी पहिली वेळ द्यायचे, आणि गाडी उशिरा आली तर मोजून पुन्हा भरायचे. माझे सहकारी म्हणायचे, या बाईला वेळापत्रक तोंडपाठ आहे.

तपासणी कशी होते? आधी मुलाच्या शूच्या जागेतून बारीक, मऊ नळी मूत्राशयात घालतात. बधिर करणारी जेली लावतात, तरी मूल रडतं. ते रडणार नाही असं सांगणारा खोटं बोलतो. नळीतून आधीची लघवी काढून घ्यायची. मग टेबलाच्या वर टांगलेल्या बाटलीतून कोमट सलाइन आणि त्यात टेक्नेशियम लावलेल्या औषधाचा छोटा डोस हळूहळू आत सोडायचा. किती सोडायचं त्याचा एक सोपा हिशेब आहे. मुलाच्या वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा, तेवढे मिलिलिटर. दोन वर्षांच्या मुलीला १२०, म्हणजे साधारण पाऊण फुलपात्र. मूल पाठीवर झोपलेलं, त्याच्या पाठीखाली कॅमेरा. कॅमेरा काही सोडत नाही, फक्त आतून येणारे किरण टिपतो. दर पाच-दहा सेकंदांना एक चित्र. पडद्यावर खाली एक काळा गोळा मोठा होत जातो, तो मूत्राशय. वरच्या दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या पाहिजेत.

त्या मुलीच्या वेळी मूत्राशय भरेपर्यंत वर काहीच दिसलं नाही. आईने सुटकेचा श्वास सोडला. मी तिला म्हटलं, थांबा, अर्धी तपासणी राहिली आहे. शू करताना मूत्राशय आवळतो, दाब सगळ्यात जास्त तेव्हा असतो, आणि पुष्कळ मुलांमध्ये लघवी वर चढते ती नेमकी त्या क्षणाला. पण दोन वर्षांचं मूल, अनोळखी खोली, चार अनोळखी माणसं, डोक्याशी मोठं यंत्र. ते शू करणार कसं? गेल्या शतकातली सगळी भौतिकशास्त्राची नोबेलं घेऊन या, इथे उपयोग नाही. आम्ही नळ सोडून ठेवायचो. पायांवर कोमट पाणी घालायचो. आणि शेवटी आई किंवा आजी तो आवाज काढायची. शूऽऽऽ. मराठी घरातली काढते, उल्हासनगरच्या सिंधी घरातली काढते, उत्तर प्रदेशातून आलेलीही तोच काढते. कधी वीस मिनिटं लागायची, कधी तास. बाहेर दुसरे रुग्ण खोळंबलेले, डॉक्टर दारातून डोकावून जायचे. या कामात मी काही शिकले असेन तर ते थांबायला. घाई करून शू होत नाही आणि अर्धवट तपासणीवर "नॉर्मल" लिहायचं नसतं.

त्या दिवशी आजी गेली होती. तिने आवाज काढला, नात शू करायला लागली आणि तीन चित्रांच्या अवधीत डाव्या बाजूला एक काळी रेघ वर चढली, किडनीच्या जागी पोचली आणि तिथे डाग उमटला. पंचवीसेक सेकंदांचा खेळ. मुलगी मोकळी होऊन हसत होती.

आता मुख्य भीतीबद्दल. किरणोत्सारी औषध, तेही एवढ्याशा पोराला? आई-वडिलांनी हे विचारलंच पाहिजे आणि उत्तर हातचं न राखता मिळालं पाहिजे. या तपासणीत औषध रक्तात द्यायचं नसतं. ते मूत्राशयात जातं आणि बहुतेक सगळं शूबरोबर बाहेर पडतं. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला माती, दगड, हवा आणि आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. आमच्या तपासणीत त्याचा अगदी लहान हिस्सा मिळतो. हीच उलटी वाट क्ष-किरणांनी शोधायची जुनी तपासणी आहे, एमसीयू. त्यात मूत्राशयात क्ष-किरणांना दिसणारं औषध भरून फोटो काढतात. पूर्वीच्या यंत्रांवर त्यात आमच्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण लागायचे. आता नवी यंत्रं आली आणि तो फरक पुष्कळ कमी झाला आहे, तरी आहे. शिवाय एमसीयूत फोटो अधूनमधून काढतात. आमचा कॅमेरा सलग पाहतो, म्हणून क्षणभर चढून परत उतरलेली लघवीही सुटत नाही. १९५९मध्ये अमेरिकेत विंटर नावाच्या डॉक्टरांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

पण माझीच तपासणी श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. गॅमा कॅमेऱ्याचं चित्र ढोबळ असतं. वाट उलटी आहे हे कळतं, नळी किती फुगली, वाकडीतिकडी झाली, हे नीट दिसत नाही. म्हणून एमसीयूत तीव्रतेच्या पाच पायऱ्या असतात आणि आम्ही सौम्य, मध्यम, तीव्र अशा तीनच सांगू शकतो. आणि मुलाच्या, म्हणजे मुलग्याच्या बाबतीत पहिली तपासणी क्ष-किरणांचीच हवी. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असतो, त्यामुळे लघवी अडते. तो पडदा आमच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि तो वेळेत काढला नाही तर दोन्ही किडन्या जातात. मुलींसाठी, पुढच्या वर्षांतल्या फेरतपासणीसाठी, भावंडांसाठी आमची पद्धत चांगली. भावंडांचं मुद्दाम सांगते. एका मुलाला हा दोष असला तर साधारण चारातल्या एका भावंडालाही असतो.

नळी न घालताही एक पद्धत आहे. औषध शिरेतून द्यायचं, किडनी ते गाळून मूत्राशयात आणते, आणि मग कॅमेऱ्यासमोर शू करायची. यासाठी मूल सांगितल्यावर थांबणारं आणि सांगितल्यावर करणारं हवं, म्हणजे तीनेक वर्षांच्या पुढचं. पालकांना ही पद्धत आवडते. पण भरतानाची उलटी वाट तिच्यात सुटते, त्यामुळे त्यात काही दिसलं नाही म्हणजे काही नाहीच, असं समजायचं नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं? डीएमएसए नावाचा आणखी एक स्कॅन असतो. त्यात औषध किडनीच्या जिवंत भागात जाऊन बसतं, व्रण असेल ती जागा कोरी राहते. तिच्या डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला अशी एक जागा निघाली. म्हणजे त्या चार तापांतल्या कुठल्यातरी तापाने आपलं काम केलं होतं. शस्त्रक्रिया लागली नाही. रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस, बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, आणि ताप आला की त्याच दिवशी लघवीची तपासणी. या रात्रीच्या डोसाविषयीही स्पष्ट बोलते. अमेरिकेत ६०७ मुलांवर दोन वर्षं मोठा अभ्यास झाला, २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. डोस घेणाऱ्या मुलांत पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण निम्मं झालं, पण नव्या व्रणांच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणून आता सरसकट सगळ्यांना डोस देत नाहीत आणि एकदा ताप आला म्हणून प्रत्येक मुलाची आमच्याकडे तपासणीही करत नाहीत. ते डॉक्टरांनी ठरवायचं. सौम्य दोष बहुतेक मुलांमध्ये वाढीबरोबर जातो, बोगदा लांब होतो. हिचाही गेला. पाचव्या वर्षी पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही बाजू कोऱ्या. व्रण मात्र आहे तिथे आहे, आणि वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा आहे, मोठी झाल्यावरसुद्धा, विशेषतः तिला दिवस राहतील तेव्हा.

आजी-आजोबांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच. लहान मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, विशेषतः वारंवार, तर अँटिबायोटिकचा पहिला चमचा देण्याआधी लघवी तपासायला द्या. आधी धुऊन, पुसून, मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत. चिकटवायच्या पिशवीतली कल्चरला चालत नाही, तिच्यात कातडीवरचे जंतू येतात. तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. घरी बरणीत काढून दुपारी कामावरून येताना दिली, असं करू नका.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी मी खरं तर उभी राहिले. मोठ्या मुलींमध्ये हा दोष टिकून राहण्याचं, संसर्ग परत परत होण्याचं एक मोठं कारण लघवी दाबून धरणं हे आहे. दाबून धरली की मूत्राशय बंद दाराशी झुंजतो, आतला दाब वाढतो, आणि शेवटी गेल्यावरही पूर्ण रिकामा होत नाही. माझ्यासमोर आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलींना मी विचारायचे, शाळेत कधी जातेस? बहुतेकींचं उत्तर एकच, जात नाही. घाण असते, कडी नसते, बाई सोडत नाहीत. समोर बसलेल्या बाईंनी माझ्यावर रागावू नये. आपण मुली सातवीपासून मधल्या सुट्टीत पाणीच पीत नव्हतो, हे इथल्या प्रत्येकीला आठवतंय.

आज जमणाऱ्या निधीतून शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा प्रस्ताव आहे. मी सकाळी जरा लवकर येऊन मागच्या बाजूला जाऊन आले. मुलींच्या बाजूला चार दारं आहेत, दोनांना आतून कडी नाही, एकात दिवा नाही, टाकीला नळ आहे पण पाणी वर चढत नाही. बोर्ड पुढच्या वर्षी घेऊ. आपल्यात पाइप-फिटिंगचं दुकान असलेले आहेत, मोटर रिवाइंड करणारे आहेत, सुतारकाम करणारे आहेत, आणि रोज साफसफाईला बाई ठेवायची तर तिचा वर्षाचा पगार आपण पन्नास जणांनी वाटून घेतला तर कुणाला जड जाणार नाही. मुख्याध्यापक सरांशी माझं बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. जेवणानंतर मी वही घेऊन हॉलच्या दाराशी बसते आहे. नाव, रक्कम आणि कुठलं काम करणार ते लिहून जा.